शिंपीणबाईंच्या चौथ्या भिंतीबद्दल चार शब्द

...तर सगळ्यात आधी आले ते रबरी शिक्के बनवणारे शिक्केवाले. हॉलचं कुलूपही निघालं नव्हतं, तेव्हा हे पायरीवर बसलेले, केस चोपून बसवलेले, खिशाला पेन. मी म्हटलं, "एवढ्या लवकर?" तर म्हणतात, "आजी, मागच्या खेपेला मी सगळ्यात आधी आलो आणि हात हलवत परत गेलो. म्हटलं, आज निदान पुढची खुर्ची तरी मिळू दे." मिळाली बरं त्यांना. ते बघा, पहिल्या रांगेत, पंख्याखाली. त्यांच्यामागून आल्या शिंपीणबाई, स्वतःच्या उशीसकट, कारण अध्यक्षांची खुर्ची टणक आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या आल्या म्हणून आमच्या घरचे धावत आले, कारण शेजाऱ्यांच्या मागे राहायचं नाही ही आमच्या घराण्याची जुनी रीत. आणि मग... काय? चालू आहे? माइक चालू आहे? अगंबाई! म्हणजे एवढं सगळं सगळ्यांनी ऐकलं?

ऐकलं ते ऐकलं. आता रीतसर.

आजच्या या कौतुकाच्या आणि निरोपाच्या सोहळ्याच्या माननीय अध्यक्षा, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या शिंपीणबाई. मोठ्या ग्रंथालयाच्या नकाशा-दालनातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या नकाशाबाई, आणि गळ्यात भिंग अडकवलेले त्यांचे सहकारी भिंगवाले दादा. व्यासपीठावर जागा नसल्यामुळे खाली बसलेला, पण चेहऱ्यावरून अध्यक्षच वाटणारा माझा मुलगा. मला मागून "आटपा" अशी खूण करणारी माझी सून. गल्लीतले सगळे लहानथोर. आणि जिच्यापायी हा सगळा थाट, ती माझी नात, जिला लहानपणी भिंती रंगवण्यावरून आम्ही 'रेघोटी' नाव ठेवलं, तुम्हा सर्वांना या म्हातारीचा मनापासून नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. ज्याने दिली त्याची माझी ओळख नसावी.

आता पहिला प्रश्न. माझी नात नेमकं करते काय, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? नको, हात वर करू नका, उगाच खोटं बोलावं लागेल. वर्षभर तुम्ही आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत डोकावून जात होतात, आणि पुढे जाऊन "पोरगी टेबलाकडे बघत बसते" असं सांगत होतात. माझ्या कानावर यायचं सगळं. कान चांगले आहेत माझे, गुडघे तेवढे गेले.

तर ते नुसतं टेबल नाही. त्याला प्लॉटर म्हणतात. सपाट पाट, त्यावर इकडून तिकडे सरकणाऱ्या दोन दांड्या, दांडीला एक चिमटा आणि चिमट्यात पेन. साधं पेन, आपलं शाईचं. छपाईचं यंत्र वेगळं. ते ठिपके ठिपके टाकून मोकळं होतं. हे यंत्र माणसासारखं पेन धरतं, टेकवतं, रेघ ओढतं, उचलतं. मी एकदा नातीला विचारलं, "अगं, एवढं मोठं चित्र त्या कॉम्प्युटरच्या आत राहतं तरी कुठे?" तर म्हणाली, "आजी, आत चित्र नसतंच. नुसती वाट सांगितलेली असते. इथे टेक, सरळ जा, वळ, थांब, उचल." म्हणजे नव्या पाहुण्याला आपण फोनवर घर सांगतो ना, नळापाशी वळा, हिरव्या दारापर्यंत या, अगदी तस्सं! फरक एवढाच, की पाहुणा स्वतःची अक्कल चालवतो आणि भलत्याच्या घरी चहा पिऊन येतो. यंत्र अक्कल चालवत नाही. सांगितलं तेवढंच करतं आणि सांगितलं तेवढं सगळं करतं. हा त्याचा गुण. पुढचा सगळा घोटाळाही ह्याच गुणापायी झाला.

मी त्या यंत्राचं नाव 'शहाणी' ठेवलं. खाली मान घालून काम करते, उलट बोलत नाही, चहात साखर किती विचारत नाही. सूनबाईंना ते नाव मुळीच आवडलेलं नाही. हसतेय बघा आता, पण त्या दिवशी रागाने दोनदा केर काढला होता.

आणि शहाणीला रंग भरता येत नाही बरं का. तिला फक्त रेघ कळते. काहीतरी काळं करायचं तर रेघेशेजारी रेघ, रेघेशेजारी रेघ, स्वेटर विणावा तसं. तळं काढायचं तर लाटांमागून लाटा. झाड काढायचं तर पेन न उचलता एक गुंतवळ, न विंचरलेल्या केसांसारखं. माझी नात ह्या गुंतवळी इतक्या सुरेख काढायला शिकली, की लांबून सावली पडल्यासारखी वाटते. मी एक झाड ओळखलंसुद्धा. म्हटलं, "हे आपल्या नळाजवळचं, डावीकडे कललेलं." ती उठून मला मिठी मारायलाच आली. शाईच्या हातांनी. ते पातळ अजून तसंच आहे, निघत नाही डाग.

ह्या कारखान्यात माझीही नोकरी होती हो! हसू नका. शाईचं पेन जरा उघडं राहिलं की त्याची जीभ वाळते. मग कागदाला लावायच्या आधी ते दुसऱ्या चिठोऱ्यावर चालवून बघायचं, शाई उतरेपर्यंत. ते काम माझं. आता काय लिहायचं? मला लिहिता येतं ते एकच. सही. शाळेत मी गेले ती धाकट्या भावाला सोडायला, दारातून जेवढं ऐकू आलं तेवढं शिकले. तर दिवसभर मी आपली सही करत बसायची. एखाद्या कलेक्टरने केल्या नसतील एवढ्या सह्या मी वर्षभरात केल्या. नकाशाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक चिठोरा उचलला, दोन्ही बाजूंनी सह्याच सह्या, आणि अदबीने मला विचारलं, "ही चित्रमालिका आपली का?" मी म्हटलं, "हो." आता एवढ्या आदराने कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

पण मी पुढे पळाले. मागे येते.

ही माझी नात आधी एका बांधकाम कचेरीत आराखडे काढायची. बरी नोकरी, वेळेवर घरी. तिथे जिना काढ, संडास काढ, पुन्हा जिना काढ. एक दिवस आली आणि म्हणाली, "मला नकाशे काढायचेत. गल्ल्यांचे. जिथे माणसं राहतात त्यांचे. हाताने काढल्यासारखे." आणि नोकरी सोडून हे यंत्र घेऊन आली. माझ्या मुलाचा चेहरा तुम्ही तेव्हा बघायला हवा होता. पण वाईट नाही हो तो, नुसता घाबरट आहे. म्हणाला, "एक वर्ष. वर्षात ह्या टेबलाचं काही झालं तर ठीक. नाहीतर यंत्र विकायचं आणि परत कचेरीत." पोरीने हात पुढे केला, बापाने टाळी दिली. झालं, वचन ठरलं.

वर्ष भुर्रकन गेलं. दोन दुकानांच्या पाट्या, एका दवाखान्यातला 'इकडे जा, तिकडे जा'चा तक्ता, आणि शिंपीणबाईंच्या ब्लाउजांचे कागदी नमुने. ते तर शेजारधर्म म्हणून, फुकट. अध्यक्षबाई, तुम्ही मान हलवलीत, मी पाहिलं. आणि इकडे ह्या शिक्केवाल्यांना यंत्र हवंच होतं. रबरी शिक्क्यांची अक्षरं कापायला. चिमट्यात पेनाऐवजी पातं लावणार होते, माझ्या शहाणीच्या हातात सुरी! दोनदा येऊन मापं घेऊन गेले, टेम्पोत बसेल का बघायला.

अशा वेळी ग्रंथालयाकडून विचारणा आली. त्यांच्या दालनात एक अख्खी भिंत मोकळी होती. तिच्यावर सगळ्या शहराचा नकाशा लावायचा, गल्लीगल्लीने, आणि तो छापलेला नाही, रेघेने काढलेला हवा. नकाशे काढणारे बरेच जण त्यांच्या नजरेखाली होते. नकाशाबाई त्या सगळ्यांच्या घरी जाऊन बघणार होत्या. नातीला फोनवर म्हणाल्या, "तुमच्याच गल्लीचा एक मोठा नकाशा आमच्यासमोर काढून दाखवा. संध्याकाळच्या बसने आम्हाला परतायचंय."

आता सांगा, मंडळी, आमच्या पोरीने काय करायला हवं होतं? गुपचूप काढायचा ना नकाशा? पण नाही. ती निघाली गल्ली मोजायला, घरोघर, टेप घेऊन. आणि आपली गल्ली म्हणजे! कुणी म्हणे आमचा जिना दाखव, कुणी म्हणे शेजाऱ्यांचा दाखवू नकोस. एका काकांनी सांगितलं, "माझी स्कूटर काढ, ती तिथून हलतच नाही." काढली तिने. खरंच हलत नाही.

मग शिंपीणबाई आल्या स्क्रीनवर घर बघायला. नातीने बोट लावलं की ज्याचं घर त्याच्या भिंती निळ्या व्हायच्या. बाईंच्या घराला बोट लावलं. तीन भिंती निळ्या झाल्या. चौथी झाली नाही.

"ही का नाही पेटली?" बाईंनी विचारलं.

"मावशी, ती भिंत दोन्ही घरांना एकच आहे ना. ती आमच्या घरात धरलीय. दोनदा काढायची नसते."

"तुमच्या घरात? आणि मी काय तीन भिंतींत राहते? तीन भिंतींची टपरी असते गं, घर नसतं!"

आता त्या भिंतीचा इतिहास सगळ्या हॉलला पाठ आहे. आमच्या बाजूने ओल आली की ती त्यांच्यामुळे, त्यांच्या बाजूचा गिलावा पडला की तो आमच्यामुळे. त्यांचं शिलाई मशीन त्या भिंतीला लागून, माझी खाटही त्या भिंतीला लागून. त्या शिवत असल्या की मी झोपेत आगगाडीने प्रवास करते. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाई, मशीन जरा पुढे ओढा," तर म्हणाल्या, "काकू, तुम्ही खाट ओढा की, तिला धागा लागत नाही." असं आमचं प्रेम.

नात बिचारी समजुतीची. म्हणाली, "बरं मावशी, घ्या तुमची चौथी भिंत." दिली काढून. तोवर माझा मुलगा आतून आला. जो वर्षभर त्या नकाशाकडे वाकून बघत नव्हता, तो! म्हणतो, "मग आपली का पुसायची? आपल्यालाही चार हव्यात." ठेवली. त्याच ठिकाणी दोन रेघा, एकीवर एक. दिसायला एकच. आणि ही बातमी राहते होय लपून? तासाभरात रांग लागली दारात. "आम्हालाच का तीन?" "आमच्या आजोबांनी बांधलेली भिंत आहे ती." पोरीने सगळ्यांना चार-चार भिंती वाटून टाकल्या, शाळेत बिस्किटं वाटतात तशा. साध्या बॉलपेनने लहानसा नमुना काढून पाहिला. झकास आला. कुणाला काही कळलं नाही. बॉलपेनाची शाई ओली राहत नाही ना! तिथेच आम्ही फसलो.

पाहुण्यांच्या दिवशी तुम्ही निम्मे लोक आमच्या पुढच्या खोलीत होतात, निम्मे खिडकीत. शिक्केवाले तर पाहुण्यांच्याही आधी हजर, टेम्पो दारात, खांद्यावर दोरीचं वेटोळं. माझ्या मुलानेच सांगून ठेवलं होतं, आज हो की नाही ते ठरेल. मी म्हटलं, "अहो, निदान दोरी तरी बाहेर ठेवा." तर म्हणाले, "नवी आहे आजी, कुणी नेईल."

नकाशाबाई खुर्चीत बसल्या. भिंगवाले दादा उभेच, हात मागे बांधून. नातीने ग्रंथालयाने पाठवलेला तो मऊ, जाड कागद पाटावर अंथरला, कडांना चिकटपट्टी लावली. असे दोनच कागद होते. मी माझी सही केली. शाई उतरली. शहाणी निघाली.

काय सांगू! आधी रस्ता आला, मग नाला, मग ते कललेलं झाड. टुक करून पेन टेकायचं, सर्रर्र जायचं, टुक करून उठायचं. सगळी खोली मान डावी-उजवी करत होती, टेनिस बघतात तशी. नकाशाबाईंच्या ओठांवर हसू आलं. माझ्या नातीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, म्हणजे ती खूश आहे. मग आली आपली घरांची ओळ.

आता हे यंत्र फार हिंडत नाही. रेघांचा क्रम नात अशा बेताने लावते, की एक संपली की जवळात जवळची दुसरी घ्यायची, म्हणजे उगाच फेऱ्या नकोत. आणि भिंतीच्या रेघेला सगळ्यात जवळची रेघ कुठली? तिच्याचवर बसलेली! पेन आमच्या भिंतीवरून गेलं आणि त्याच पावली शिंपीणबाईंच्या भिंतीवरून परत फिरलं. शाई ओलीच. मऊ कागद, त्याचा लगदा झाला. पेनाच्या जिभेत कापूस अडकला, आणि कापसासकट ते निघालं पुढे, एक जाडजूड निळा फराटा ओढत, थेट स्कूटरपर्यंत. मागे बघितलं तर आमच्या दोन घरांच्या मध्ये भोक. चांगलं बोट जाईल एवढं.

नातीने झडप घालून यंत्र थांबवलं.

 आणि खोलीत एकच आवाज, शिक्केवाले दोरी सोडत होते.

"आजी," नात हळूच म्हणाली, "भिंती दोनदा गेल्यात. सगळ्याच." आणि तिच्या बापाकडे बघितलं. माझ्या मुलाने काय केलं असेल? पंखा बघायला लागला. त्याची चौथी भिंत होती ना त्यात.

भिंगवाले दादा घड्याळ बघत म्हणाले, "दुसरा कागद आहे. पण बस आहे."

नात कॉम्प्युटरशी बसली. प्रत्येक जोडीतली एक रेघ काढायची, बस्स.  पहिल्याच जोडीवर थांबली, आणि सवयीने, वर्षभर सगळ्यांना विचार-विचारून काम करायची सवय लागलेली ना, मान वर करून विचारलं, "कुणाची पुसू?"

विचारायचं होतं का हे? सांगा, विचारायचं होतं?

शिंपीणबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, आता झालं. तर म्हणतात, "माझी पुस! आग लागो त्या भिंतीला. पोरीचं काम होऊ दे."

आता त्या एवढं मन मोठं करतात म्हटल्यावर मी गप्प बसू? मी म्हटलं, "मुळीच नाही. आमची पुस. बाईंना चार राहू देत, त्यांना हौस आहे."

"काकू, मला कसली हौस? तुम्ही म्हाताऱ्या, तुमची खाट आहे त्या भिंतीला."

"खाट मी हलवते! तुमचं मशीन आहे."

"मशीन मी पुढे घेते!"

"आता घेता? इतकी वर्षं कुठे होतात?"

तेवढ्यात माझा मुलगा मध्ये पडला, "आमची पुस गं, माझं ऐक." खिडकीतून स्कूटरवाले काका ओरडले, "आमचीही पुसा!" मग काय विचारता! ज्यांनी चार-चार भिंती मागून घेतल्या होत्या ते सगळे त्या परत करायला लागले. "आमची आधी!" "नाही, त्यांची राहू द्या, त्यांचं नवीन घर आहे!" एवढं मोठं मन गल्लीने कधी दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं ते बस सुटायला आली तेव्हा.

आणि मग माझी नात, जिने आयुष्यात आवाज चढवला नाही, ती ओरडली. "मावशी! आजी! बाबा! सगळे गप्प बसा!"

बसलो. मी तर खरंच खाली बसले. शिक्केवाल्यांच्या दोरीवर.

"भिंत कुणाचीच नाही," ती म्हणाली. "ह्याची नाही, त्याची नाही. नुसती भिंत आहे ती." आणि खटाखट बोटं चालवायला लागली. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण तिने नंतर समजावलं तसं सांगते. आधी प्रत्येक घर म्हणजे एक वेगळा डबा होता, ज्याचा त्याचा. तिने सगळे डबे उसवले. नुसत्या भिंती ठेवल्या, एका जागी एकच. आणि मग टोकाला टोक जोडत गेली, इकडच्या भिंतीचं टोक त्या भिंतीला, तिचं पुढच्या ओसरीला. बापाला म्हणाली, "चिकटपट्टी." बापाने आणून दिली. फाटलेला कागद काढला, शेवटचा लावला. दुसरं पेन घेतलं. मी सही केली. ती सही मात्र वाकडी आली, कबूल.

मंडळी, मग जे झालं ते मला भाषणात सांगता येणार नाही, पण सांगते.

रस्ता झाला, नाला झाला, झाड झालं. आणि पेन आपल्या ओळीच्या पहिल्या घराच्या कोपऱ्याला टेकलं. आणि उठलंच नाही! आधी टुक-टुक-टुक चालायचं ना? आता टुक नाही. भिंतीने वर गेलं, ओसरीने आडवं आलं, पुढच्या भिंतीने खाली उतरलं, वळलं, परत वर, एखादी पोरगी दारोदार हाका मारत पळत सुटते तसं! कुणाच्या घरात शिरलं, कुणाच्या घरातून निघालं, पत्ता नाही. आमच्या आणि शिंपीणबाईंच्या भिंतीपाशी आलं तेव्हा बाईंनी माझा हात धरला. नखं रुतवली हो! खूण दोन दिवस होती. पेन गेलं तिच्यावरून, एकदाच, आणि वळून पुढे! मागे बघितलंसुद्धा नाही त्याने. खिडकीतली पोरं त्याच्याबरोबर पुटपुटत होती, "आता आमचं... आता तुमचं... आता काकांचं..." आणि शिक्केवाले! श्वास रोखून रोखून माणूस जांभळा पडला होता. ओळीच्या शेवटच्या कोपऱ्याला पेन आलं, थांबलं, आणि टुक. उचललं.

सगळी खोली एकदम "हाऽऽ" करून सुटली. पडदे हलले.

भिंगवाले दादा वाकले. भिंग डोळ्याला लावून त्या भिंतीवरून इंचाइंचाने फिरले. सरळ झाले. भिंग काढून नकाशाबाईंना दिलं. बाईंनीही बघितलं. मग विचारलं, "ह्या दोन घरांत कोण राहतं?"

मी आणि शिंपीणबाईंनी हात वर केले. धरलेलेच होते, ते तसेच वर गेले.

नकाशाबाई म्हणाल्या, "हा नकाशा आम्ही नेतो. आणि तो फाटलेलाही द्या." नात गोरीमोरी झाली. "तो कशाला?" तर म्हणाल्या, "बाकीच्यांनी आम्हाला चांगले नकाशे दाखवले. बिघडल्यावर तो सावरायचा कसा, ते फक्त इथे बघायला मिळालं. आमच्या भिंतीवर अख्खं शहर काढायचंय, मुली. किती गल्ल्या, किती शेजारी! तिथे रोज हेच होणार. येशील?"

येशील का म्हणे!  पोरीने मान हलवली, तर ती उलटीसुलटीच हलली. बापच मोठ्याने म्हणाला, "येईल! येईल हो ती!" आणि मग ढसाढसा. रुमालही नव्हता, नकाशाखालचा टिपकागद घेतला. दिवसभर नाक निळं होतं.

आणि बस? बस तर चुकायलाच आली होती. रिक्षा मिळेना. मग काय, दारात टेम्पो उभाच होता की! शिक्केवाल्यांनी पाहुण्यांना पुढे बसवलं, मागे नकाशांची गुंडाळी ठेवली, आणि ती नवीकोरी दोरी शेवटी त्या गुंडाळीला बांधली. बस गाठून दिली त्यांनी. म्हणून आज त्यांना पहिली खुर्ची. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी. जोरात! यंत्र नाही मिळालं, टाळ्या तरी मिळू देत.

सूनबाई, बघितलं मी घड्याळ. आवरते.

तर आता माझी रेघोटी मोठ्या ग्रंथालयात चाललीय. शहाणीही तिच्याबरोबर चाललीय. सकाळीच तिला गोधडीत गुंडाळून निजवलंय. पुढची खोली मोकळी झाली. मला विचारतात, "आजी, वाईट वाटतंय का?" अहो, कसलं वाईट? माझ्या मनात सकाळपासून नुसत्या उड्या चालल्यात! भिंतीवर रेघोट्या मारते म्हणून जिच्या हातावर आम्ही चापट्या मारल्या, तिला आता एवढी मोठी भिंत देऊन म्हणतायत, मार बाई हव्या तेवढ्या. ह्यात वाईट कुठून वाटून घेऊ? जागा तरी शिल्लक आहे का?

पोरी, तुला सांगायचं ते एकच. परक्या गल्लीत जाशील, लोक भिंतीवरून भांडतील. भांडू दे. चहा मागून घे, पोटभर पी, आणि मग टोकाला टोक जोड.

अध्यक्षबाईंचे आभार, त्यांनी अजून घंटी वाजवली नाही. पाहुण्यांचे आभार, ते पुन्हा आले, तेही ह्या उन्हात. हॉलवाल्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, आणि एवढा वेळ बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. मी जे बोलले त्यात काही खाली-वर झालं असेल, कुणाचं नाक माझ्या तोंडून जरा जास्तच निळं झालं असेल, तर ते माझ्या वयाला माफ करा. कुणाचे आभार राहिले असतील तर त्यांनी घरी यावं, दारात उभं करून आभार मानेन.

आणि हो, थांबा, उठू नका! मुख्य राहिलंच. नकाशाबाई आत्ता माझ्या कानात सांगून गेल्या. ग्रंथालयाच्या भिंतीवरचा नकाशा ह्याच्याहून मोठा निघणार, त्यात दारंसुद्धा दिसणार. आणि दार उघडं काढायचं की लावलेलं, ते ज्याच्या त्याच्या घरी येऊन विचारणार आहेत. आमचं उघडंच काढा, मी त्यांना इथल्या इथे सांगून टाकलं. तुम्ही आपापलं ठरवून ठेवा. भांडायचं असेल तर आधी भांडून घ्या. नकाशाबाई, भिंगवाले दादा आणि माझी नात, तिघंही येणार आहेत, सकाळच्या पहिल्या बसने, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी.